उपटलेली हरळी

आबा, तुमची हरळी मी मारली. हाताने नाही, तोंडाने. चाळीस वर्षं तोंडाच्याच जोरावर जगलेल्या बाईला हे लिहिताना जी लाज वाटायला हवी ती वाटून झाली, म्हणून आता बसले आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मधल्या काळात सांगण्यासारखं पुष्कळ घडलं. आई गेली, मी कॉलेजातून निवृत्त झाले, शहाद्याच्या कडेला घर बांधलं. त्यातलं एक अक्षर तुम्हाला लिहिलं नाही. आज लिहिते आहे ते गवतापायी, आणि ज्या बाईच्या हातात ते गवत जगतं तिच्यापायी.

घरापुढे माझी हिरवळ आहे, दहा पावलं रुंद आणि बारा पावलं लांब. हसलात ना? हसा. तुम्ही आधी दुसऱ्याच्या वावरात सालदार होता. सालदारकीतली तुमची निम्मी उमेद हरळी खणण्यात गेली. कापसात दिसली, केळीत दिसली की कुदळीने मुळापर्यंत जायचं, उन्हात वाळवायची, ढीग करून जाळायची. मग विश्रामगृहावर माळी म्हणून लागलात आणि साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पुढच्या मोकळ्या जागेत हरळी लावायची आहे. तुम्ही घरी येऊन ते सांगितलंत तेव्हा आई पदर तोंडाला लावून किती वेळ हसत होती. ज्या गवताचा निर्वंश करण्यासाठी धान्य आणि कपडा मिळत होता, त्याचीच आता लेकरासारखी राखण करायची. पण तुम्ही ती केलीत. मी सात-आठ वर्षांची असेन. शाळा सुटली की विश्रामगृहाच्या फाटकाशी येऊन उभी राहते आणि तुम्ही उकिडवे बसून विळ्याने एकेक वीत कापत पुढे सरकता आहात. कापून झालं की त्यावरून तळहात फिरवता, उंच-सखल बघायला. साहेबांची मुलं त्या हिरवळीवर लोळायची. मला पाय ठेवायची परवानगी नव्हती. तुमचा हात माझ्या डोक्यावरून फिरलेला मला आठवत नाही, गवतावरून फिरलेला आठवतो. मत्सर म्हणजे काय हे मी पुढे पुस्तकांतून पुष्कळ वाचलं, पण शिकले ते त्या फाटकाशी.

मी धुळ्याला कॉलेजात गेले त्या वर्षी ती आली. धडगावच्या घाटातल्या एका पाड्यावरची पावरा आदिवासी मुलगी, सोळा-सतरा वर्षांची, विश्रामगृहावर रोजंदारीने पाणी मारायला. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तर आई स्वयंपाकघरात नेहमीपेक्षा दोन भाकरी जास्त थापत होती. मी विचारलं तर म्हणाली, त्या पोरीच्या. दुपारी डबा घेऊन मीच गेले. तुम्ही दोघं कडुनिंबाखाली बसला होता आणि तुम्ही तिला सांगत होता की गवत कधी कापायचं आणि कधी नुसतं बघत बसायचं. मला इतक्या वर्षांत तुम्ही असं काही सांगितलं नव्हतं. मला म्हणायचा, तू अभ्यास कर, हात घाण करू नको. तिचे हात मनगटापर्यंत मातीत होते आणि ती तुम्हाला आबा म्हणत होती. घरी ती पावरी बोलायची, मराठी तिला येत नव्हती; तिने तुमच्याकडून गवत शिकलं तशी तुमच्याकडूनच अहिराणी शिकली. मी पहिल्या नंबराने पास झाले तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन आणलंत. त्याच महिन्यात तुमची स्वतःची खुरपी, बाभळीच्या मुठीची, तिला दिलीत. कोणालाही विचारा, कोणाचं बक्षीस मोठं. सगळे पेनच म्हणतील. मीही व्यासपीठावर शंभर वेळा ते पेन दाखवून सांगितलं आहे की माझ्या माळी बापाने मला लेखणी दिली. टाळ्या पडतात. खुरपीचं मी कधी सांगितलं नाही.

आणि मग ते भाषण. ते मला सोडत नाही. मी नुकतीच एम.ए. होऊन आले होते, अंगात आग होती, अजून आहे. त्या उन्हाळ्यात डोंगरातल्या बाया कोरड्या ओढ्याच्या वाळूत खड्डे करून वाटी-वाटीने पाणी भरत होत्या आणि विश्रामगृहावर दोन्ही वेळा पाइप चालू होता. मी भर बाजारात सभेत उभी राहिले आणि म्हणाले की या गावात गवताला पाणी आहे आणि माणसाला नाही, तर माणसाने आता गवत होऊन साहेबाच्या बुटाखाली यावं, म्हणजे तरी त्याची तहान भागेल. त्यातला एक शब्द मी आजही मागे घेणार नाही. माझ्या अंगणातल्या गवताला मी आजही आंघोळीचं आणि भाज्या धुतल्याचंच पाणी घालते. पण तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी सदऱ्याची बटणं लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुन्हा भाषनमा मन्हं गवत कसाले आनं? ते काय उठीसन जवाब दी का?"

एवढंच. मला सभेत कोणी निरुत्तर केलेलं नाही, तुम्ही केलंत. ते मी सोसलं असतं. पण त्याच दुपारी ती जेवायला आपल्या स्वयंपाकघरात बसली होती आणि आईने वाढलेल्या भाकरीवर मिरचीचा ठेचा घेत सहज म्हणाली, "ताई खरं बोलनी, आबा. मन्ही माय तेच पानी भरस." आणि तुम्ही हसलात. मी तेच बोलले तर दोन दिवसांचा अबोला, तिने तेच म्हटलं तर हसू. मी ताट तसंच ठेवून उठले. तुम्हाला वाटलं असेल पोरगी पाण्याच्या प्रश्नाने पेटली आहे. मी त्या हसण्याने पेटले होते.

तुम्ही गेल्यावर ती तिथेच राहिली. नंतर तीही आपल्या पाड्यावर परतली आणि विश्रामगृहाच्या गवताला कोणी वाली उरला नाही. दोन वर्षांपूर्वी तिथे फरशीचे ठोकळे बसवायचं ठरलं. मी रिक्षातून जात होते आणि समोरून ट्रॅक्टरची ट्रॉली आली, तिच्यात तुमची हरळी उलटी-सुलटी पडलेली. मी भर रस्त्यात रिक्षा थांबवली, ट्रॉली थांबवली. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं मॅडम आता आंदोलन करणार. तो बिचारा आधीच खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. मी त्याला म्हटलं, मला यातलं थोडं गवत दे. अकरा ढेपा पोत्यात भरून घरी आणल्या. तुमच्या हाताचं या जगात दुसरं काही शिल्लक नाही, आबा. तुम्ही विहीर खणली नाहीत, घर बांधलं नाहीत, तुमचा फोटोसुद्धा एकच आहे आणि त्यात तुम्ही साहेबांच्या मागे अर्धे दिसता. तुमच्या हातून लागलेलं आणि अजून जिवंत असलेलं असं ते गवतच. मी ते तोडून दोन-दोन पेरांचे तुकडे केले, पुस्तकात वाचून ओळीने लावले. दुसऱ्या पावसाळ्यात अंगण भरलं. तेव्हा मला जो आनंद झाला त्यात अर्धा हिस्सा असा होता की आता तुमचं गवत माझ्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही.

यंदा थंडी फार पडली. हरळी झोपली, पिवळी पडली, मग गव्हाच्या काडासारखी झाली. तुम्ही माघ सरत आला की काय करायचा ते मी आठवत बसले. फाटकाशी उभं राहून जेवढं दिसलं तेवढंच मला येतं. पळस फुलेपर्यंत तुम्ही गवताला हात लावायचा नाहीत. मग एका सकाळी जमिनीवर तळहात टेकवून बसायचा, आणि त्या दिवशी किंवा त्यानंतर चार दिवसांनी, तुमचं तुम्हालाच ठाऊक, कामाला लागायचा. अगदी बुडापर्यंत कापणी, मेलेलं काड दाताळ्याने ओढून काढणं, सळईने जमीन टोचणं, आणि वर गोमाई नदीच्या काठचा चाळलेला गाळ आणि जुनं शेणखत, बोटभर. मीही जमिनीवर तळहात टेकवून बसले. मला काही कळलं नाही. जमीन जमिनीसारखी लागली. तरी सगळं तसंच केलं, आणि पाणी पडताच हरळीच्या आधी मोथा, ते गाठीगाठींनी पसरणारं चिवट तण, वर आला. सगळीकडे मोथा.

म्हणून मी ब्राह्मणपुरीच्या पाच बाया निंदणीला बोलावल्या. मला त्या दिवशी नंदुरबारला व्याख्यान होतं. निघायच्या घाईत मी पायरीवर उभी राहून त्यांना काम सांगितलं. आबा, मी काय सांगितलं ते ऐका. मी म्हणाले, बायांनो, तण दया करत नाही, तुम्हीही करू नका, मुळासकट काढा, एक पेर राहता कामा नये. मोथा हा शब्द मी उच्चारलाच नाही. ज्या बायांनी लहानपणापासून हरळीशी वैर केलं, ज्यांच्या आया-सासवांनी तेच केलं, त्यांना मी तण काढायला सांगून गाडीत बसले. दुपारी परत आले तर अंगण कांद्याच्या रोपासाठी केलेल्या वाफ्यासारखं भुसभुशीत, सपाट, स्वच्छ. रस्त्याच्या कडेला हरळीचा ढीग जळून राख झालेला. तुम्ही वावरात जाळायचा तसाच, वाऱ्याची दिशा बघून. त्यांची म्होरकी घाम पुसत पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, एक पेर बी सोडं नही. आते तीन वरीस हरयी दिखाव नही." ती शाबासकीची वाट बघत होती. इतकं चोख काम मी आयुष्यात करून घेतलेलं नाही. मी म्हटलं, छान झालं, आणि चहा टाकायला आत गेले. चहा उतू गेला तरी तिथेच उभी होते.

त्यांच्यावर मी रागावले नाही, तेवढा न्याय मला कळतो. पण त्या रात्रीपासून एकच विचार होता. तुमचं गवत आता कुठेच नाही, आणि असलंच तर एकाच ठिकाणी असेल, तिच्या पाड्यावर; ती रिकाम्या हाताने परतली नसणार. ते ठिकाण चार दिवस माझ्या तोंडावर येईना. हजार माणसांसमोर कलेक्टरला जाब विचारणारी मी, एका बाईकडे मूठभर गवत मागायला जायचं म्हणून घरात येरझाऱ्या घालत होते. पाचव्या दिवशी धडगावच्या जीपमध्ये बसले. होळी जवळ आलेली, त्यामुळे जीपमध्ये गुजरातेतून ऊसतोड करून परतणारी माणसं दाटीने बसलेली, टपावर भांडी, गोधड्या, कोंबड्या. घाटात पळस पेटलेला होता. माझ्या शेजारच्या म्हातारीने मी कोणाकडे चालले ते विचारलं. मी पाड्याचं नाव सांगितलं तर म्हणाली, म्हणजे त्या गवतवालीकडे. म्हणजे तिची ओळखसुद्धा तीच.

तिचं अंगण मी लांबून ओळखलं. भोवती काटेरी कुंपण, शेळ्या पलीकडे बांधलेल्या, आणि मध्ये खाटेएवढा हिरवा तुकडा. थंडीतून उठलेलं, कोवळं, पायाला थंड लागेल असं गवत, जे या वर्षी मला जमलं नाही. ती त्यावर पाय पसरून मोहाची फुलं निवडत बसली होती. केस पिकलेत तिचे. मला बघून उठली, हात पुसले, आणि मी काही बोलायच्या आत गवताकडे बोट करून म्हणाली, "आबानं गवत शे, ताई." मग सांगितलं की शेवटच्या आजारपणाच्या आदल्या पावसाळ्यात तुम्ही स्वतः पोतं घेऊन या घाटात आला होता आणि हे तुमच्या हाताने लावून गेलात. माझ्याकडचं गवत मी ट्रॉलीतून, कचऱ्यातून उचललं होतं. तिच्याकडे तुम्ही चढ चढून गेला होता. दम्याने खोकत. आम्हाला सांगितलं होतंत की नात्यातल्या बारशाला चाललो. आई त्या दिवशी तुमच्यासाठी धोतर धुऊन ठेवत होती, आबा.

मी कोरड्या आवाजात सगळं सांगितलं, बायांचंही. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही, जळलेल्या ढिगाचं ऐकून तिने तोंडाने चक् केलं, कोणाचं वासरू दगावल्याचं ऐकावं तसं. म्हणाली, अर्धं घेऊन जाऊ. मी म्हटलं, मी लावीन. त्यावर ती इतकी साधेपणाने बोलली की मला रागही धरता येईना. "तुम्हले जमाव नही, ताई. हात पाहिजे." हे वाक्य तुमचं आहे. तिचा आवाज बाईचा, पण शब्द, त्यातला थांबा, मान किंचित वाकडी करणं, सगळं तुमचं. व्यासपीठासाठी म्हणून मी माझ्या बोलण्यातली अहिराणी घासून घासून काढून टाकली. आता तुमचं बोलणं ऐकायचं तर मला धडगावच्या घाटात या बाईच्या अंगणात यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ती ओल्या पोत्यात गवत घेऊन आली आणि तीन दिवस माझ्या घरी राहिली. खुरपी तीच होती. पातं झिजून बोटाएवढं झालं आहे, मूठ दोनदा बदललेली. पहिल्या दिवशी तिने काहीच लावलं नाही. मोथ्याची एकेक गाठ खालून शोधून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर तळहात टेकवला आणि मला म्हणाली, या, बघा. मी तिच्याशेजारी बसून हात टेकवला. तिने विचारलं, कळतंय का. मी म्हटलं, हो. मला काहीही कळलं नव्हतं. मग ती वीतभर अंतरावर तुकडे खोचत गेली आणि मी मागून पाणी शिंपडत गेले, रोजंदारीच्या पहिल्या दिवसांत ती करायची तेच काम. मधूनच सांगायची, ओतू नका, पावसासारखं पडू द्या. मी रात्री स्वयंपाक केला, ती जेवली, तुमच्या गोष्टी निघाल्या. तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त गोष्टी आहेत. मला त्या ऐकायच्याही होत्या आणि दर गोष्टीला वाटायचं की हिने आता गप्प बसावं.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली, फुटवे बघायला. गवत लागलं आहे. अजून विरळ आहे, पण प्रत्येक पेराला दोन-दोन कोंब आहेत. ती पायरीवर चहा पीत बसली होती आणि फाटकातून कॉलेजच्या चार मुली आणि त्यांच्या प्राध्यापिका आल्या, परीक्षांमुळे लांबलेल्या महिला दिनाच्या व्याख्यानाचं निमंत्रण घेऊन. विषय त्यांनीच ठरवलाय, राबणाऱ्या बाईचं श्रेय. मी या विषयावर झोपेतसुद्धा दीड तास बोलू शकते. त्यातली एक मुलगी अंगणाकडे बघून म्हणाली, किती सुंदर लागलंय, अगदी ओळीत. कोणी लावलं, मॅडम?

ती माझ्यापासून चार हातांवर बसली होती. तिच्या नखांत माझ्या अंगणातली माती होती. मी म्हणाले, "मी."

मुलींनी कौतुक केलं, प्राध्यापिका म्हणाल्या की मॅडम बोलतातच असं नाही, करतातही. फोटो काढले. फोटोत ती येऊ नये म्हणून एकीने तिला जरा सरकायला सांगितलं, आणि ती सरकली. सगळ्या गेल्यावर मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. तिने चहा संपवला, कपातला गाळ कुंडीत झटकला, आणि काही लागलेलं नाही अशा आवाजात म्हणाली, "आबा बी साहेबले असंच सांगे. साहेब, तुमनं गवत शे." मग खुरपी कमरेला खोचली आणि शेवटच्या जीपला निघाली. जाताना सांगून गेली, आठ दिवस कोणाला पाय ठेवू देऊ नका.

व्याख्यान उद्या आहे. टिपणं काढायला बसले होते, त्याऐवजी हे झालं. उद्या मी तिथे उभी राहून खरं सांगेन का, ते मला आत्ता माहीत नाही. सांगितलं तरी ते इतकं चांगलं सांगेन की टाळ्या मलाच पडतील, एवढं मी स्वतःला ओळखते. ते सांगायचं तर तिला सांगायला हवं, तिच्या अंगणात, एकटीला, आणि मला येते तेवढ्या मोडक्या अहिराणीत. हा कागद मी घडी करून ठेवते आहे, तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून कोणाकडून वाचून घ्यायची पाळी तुमच्यावर यायला नको. आणि तिला वाचता येवो न येवो, तुम्ही तो तिच्याचकडे न्याल याची मला खात्री आहे.

एक राहिलं. तो "मी" म्हणताना, आबा, मला फार बरं वाटलं.